नाव झाकावे, रोग उघडावा

समाजाने रोगांना दिलेली नावे म्हणजे त्या समाजाच्या मनाचा एक विश्वसनीय दस्तऐवजच होय. देवी, गोवर, पटकी, हिवताप, क्षय ही आपल्या भाषेतील नावे पाहिली, तर कोठे देवतेचे भय, कोठे लक्षणांचे निरीक्षण, कोठे शरीराच्या झिजेचे वर्णन आढळते. एका वर्गाच्या रोगांस मात्र आपण ‘गुप्तरोग’ म्हणतो. गुप्त इंद्रियांचे रोग म्हणून हे नाव पडले असे कोणी म्हणेल, व व्युत्पत्तीच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. परंतु व्यवहारात ‘ज्याविषयी बोलू नये तो रोग’ असाच त्या शब्दाचा अर्थ होऊन बसला आहे. बोलू नये म्हणून कळू नये, कळू नये म्हणून औषध घेऊ नये, आणि औषध न घेतल्यामुळे तो दुसऱ्यास द्यावा, अशी ही परंपरा चालते. रोगजंतूस आपल्या प्रसारासाठी याहून सोयीचा शब्द भाषाशास्त्र्यांनी शोधून दिला नसता.

या रोगांच्या बाबतीत काहीच गुप्त असू नये, असे आमचे म्हणणे नाही. गुप्त काय असावे, एवढाच प्रश्न आहे. रोग्याचे नाव गुप्त असावे, की रोगाचे ज्ञान गुप्त असावे? समाजाने व प्रसंगी सरकारानेही आजवर बहुधा रोगाचे ज्ञान झाकले आणि रोग्याचे नाव उघडे केले. न्याय नेमका याच्या उलट आहे. मराठीत हा उलट न्याय निर्भयपणे चालविणारे लेखक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. त्यांच्या लेखनकार्याचे मोल या एका कसोटीवर ठरवावे, व त्याच कसोटीस आजचे सरकारी प्रयत्न लावून पाहावेत, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. या रोगांविषयीचे मौन आपल्या प्राचीन परंपरेतून आले, अशी पुष्कळांची समजूत असते. सुश्रुतसंहितेत उपदंशाचे निदान इतर रोगांच्या पंक्तीलाच बसविलेले आहे. तेथे ग्रंथकाराचा स्वर चढत नाही व उतरतही नाही. सोळाव्या शतकात भावमिश्राने ‘भावप्रकाशा’त फिरंगरोगाचे वर्णन केले व त्यावरील उपचार सांगितले. त्याच शतकात, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता या वैद्याचा संवादग्रंथ गोव्यात छापला गेला. त्यात चोपचिनीवर एक स्वतंत्र संवाद आहे. ही मुळी चीनकडून येई व या रोगावर गुणकारी समजली जाई. अर्थात वैद्याच्या ग्रंथात, बंदरावरील व्यापारात व औषधाच्या दुकानात या रोगाची चर्चा मोकळेपणाने चालत होती. ‘फिरंग’ या नावात थोडासा दोषारोप आहे खरा. पण तसा तो कोठे नाही? इटलीत यास फ्रेंचांचा रोग म्हणत, तर फ्रान्सात नेपल्सचा. रोग नेहमी शेजाऱ्याच्या दारातून येतो, ही समजूत सर्व राष्ट्रांत सारखीच आहे. तथापि शेजाऱ्यास दोष देणे निराळे आणि रोगाचे नावच न घेणे निराळे. हे दुसरे मौन वैद्यकाचे नव्हे. ते अलीकडच्या काळातील प्रतिष्ठित घरांचे आहे.

सरकारने या रोगांकडे लक्ष दिले ते प्रजेच्या कळवळ्याने नव्हे, तर फौजेच्या काळजीने. गोऱ्या शिपायांत हे रोग माजले, तेव्हा १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा करण्यात आला. वेश्यांची नोंदवही ठेवावी, ठराविक मुदतीने त्यांची तपासणी करावी, आणि रोग आढळल्यास त्यांस ‘लॉक हॉस्पिटल’ नामक रुग्णालयात अडकवून ठेवावे, अशी ही योजना होती. मुंबई शहरासही हा कायदा लावण्यात आला होता. जो पुरुष त्या स्त्रीकडे जाई, त्याचे नाव कोणत्याच वहीत नसे. रोगाच्या साखळीतील एकच कडी पकडून ती चौकात टांगावयाची आणि दुसरी खिशात लपवावयाची, असा हा न्याय होता. जिचे नाव नोंदीत चढले ती कायमची डागळली; साहजिकच नाव चढू नये म्हणून स्त्रिया तपासणी चुकवू लागल्या, आणि ज्यांस औषधाची गरज होती त्याच औषधापासून दूर पळाल्या. इंग्लंडात जोसेफीन बटलर या बाईंनी अशाच कायद्याविरुद्ध चळवळ करून तो १८८६ साली रद्द करविला. हिंदुस्थानातील कायदा १८८८ साली उठला. सक्तीने नाव उघडे केले की रोग अधिक खोल दडतो, हा धडा त्या वीस वर्षांनी शिकविला.

पुढे शास्त्राने मोठी झेप घेतली. १९०५ साली शाउडिन व हॉफमन यांनी उपदंशाचा जंतू ओळखला. १९०६ साली वासरमन यांची रक्तपरीक्षा आली. १९१० साली एर्लिक यांचे साल्वर्सन हे औषध बाजारात आले. कारण, परीक्षा व उपचार या तिन्ही गोष्टी पाच वर्षांत हाती आल्या, असे भाग्य फार थोड्या रोगांच्या वाट्यास आले असेल. परंतु प्रयोगशाळेतून निघालेले हे ज्ञान मराठी घराच्या उंबरठ्याशी येऊन थबकले. ते आत नेण्यास भाषा लागते, आणि ती भाषा वापरण्यास धैर्य लागते. कर्व्यांचे कार्य नेमके येथे सुरू होते.

कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. १९२३ साली ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक लिहिले. या कार्यापायी १९२५ साली विल्सन कॉलेजातील नोकरी सोडली. आणि जुलै १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक काढून ते १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. पुस्तकाच्या नावाकडेच पाहावे. ‘बचाव’ हा शब्द त्यांनी निवडला. ‘प्रायश्चित्त’ नव्हे, ‘पाप’ नव्हे, ‘अधःपात’ही नव्हे. विंचवापासून, पुरापासून, पटकीपासून जसा बचाव करावयाचा, तसाच या रोगांपासून करावयाचा. रोग हा शिक्षा नव्हे, तो कार्यकारणाच्या नियमाने होणारा अपघात आहे, ही त्यांची भूमिका त्या एका शब्दात सामावली आहे.

कर्व्यांच्या गद्याचा गुण म्हणजे त्याची कोरडी स्वच्छता. विषय असा की, त्यावर लिहिणारा एकतर चघळत लिहितो किंवा नाक मुरडून लिहितो. कर्वे या दोहोंपासून अलिप्त राहिले. प्रमेय मांडावे, सिद्धता द्यावी, निष्कर्ष काढावा, अशी त्यांची रीत. तीत अलंकाराचा लेश नाही आणि वाचकास गोंजारण्याचा प्रयत्नही नाही. अश्लीलता शब्दांत नसून लिहिणाऱ्याच्या व वाचणाऱ्याच्या हेतूत असते, हे त्यांच्या लेखनावरून जितके पटते तितके त्यावरील कोणत्याही प्रबंधावरून पटणार नाही.

तथापि आमच्या मते त्यांच्या मासिकाचा सर्वांत मोलाचा भाग त्यांचे निबंध नसून वाचकांच्या प्रश्नांस दिलेली उत्तरे हा होय. जो प्रश्न मुलगा बापास विचारू शकत नव्हता, पत्नी पतीस विचारू शकत नव्हती, आणि दोघेही घरच्या डॉक्टरास विचारण्यास लाजत होती, तो प्रश्न एका पत्राने मुंबईस जाई आणि त्याचे उत्तर छापून येई. उत्तर सर्वांसाठी असे. विचारणारा कोण, याच्याशी जगाला कर्तव्य नसे. नाव झाकलेले आणि रोग उघडा, हा न्याय मासिकाच्या पानावर असा रोजच्या व्यवहारात उतरला. गंमत ही की, राज्यसत्तेस नेमकी हीच गोष्ट खपली नाही. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखाबद्दल कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला होऊन दंड झाला. १९३४ साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून पुन्हा खटला झाला. या दुसऱ्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. तरीही दंड चुकला नाही. भिंतींवर भोंदू वैद्यांच्या जाहिराती राजरोस लागत असता, खऱ्या ज्ञानास मात्र दंड भरावा लागावा, यातील विसंगती त्या काळी फार थोड्यांस बोचली.

इतके म्हटल्यावर कर्व्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. गौरव हीच टीका असे मानणाऱ्यांपैकी आम्ही नाही. त्यांचा सारा भरवसा बुद्धीवर होता. मनुष्यास खरे काय ते सांगितले की तो त्याप्रमाणे वागेल, हे त्यांचे गृहीत. ज्यास वाचता येते, मासिकाची वर्गणी भरता येते आणि स्वतःच्या शरीराविषयी स्वतः निर्णय घेता येतो, त्याच्यापुरते ते ठीक आहे. परंतु जिला रोग नवऱ्याकडून मिळतो, जिला नकार देण्याची सोय नाही, आणि औषधासाठी तालुक्यास जावयाचे तर सासूची परवानगी लागते, तिला ज्ञानाने अर्धीच मुक्ती मिळते. कर्वे स्त्रीस्वातंत्र्याचे कैवारी होते, याविषयी शंका नाही. पण त्यांच्या युक्तिवादाचा श्रोता बहुधा एकटा, सुशिक्षित व मोकळा माणूस आहे. दुसरे असे की, नीतीच्या जाचातून रोगास सोडविताना ते नीतीसच निरोप देऊ पाहतात. या प्रश्नात सोवळ्याओवळ्याची नीती नको, हे आम्हांस मान्य आहे. पण न्यायाची नीती हवीच. स्वतःस रोग आहे हे ठाऊक असून तो दुसऱ्यास देणे हा अन्याय आहे, मग देणारा नवरा असो वा परका.

ही अडचण फ्रेंच नाटककार ब्रिओ याने १९०१ सालच्या आपल्या नाटकात, ज्याचा इंग्रजी अवतार ‘डॅमेज्ड गुड्स’ म्हणून प्रसिद्ध झाला, फार स्पष्टपणे मांडली आहे. विवाह ठरलेल्या तरुणास उपदंश झाल्याचे आढळते. काही वर्षे थांब, असे डॉक्टर बजावतो; तरुण दुसऱ्या एका भोंदूकडे जातो आणि काही महिन्यांतच लग्न उरकतो. मूल रोगी निपजते, आणि त्यास दूध पाजणारी दाईही धोक्यात येते. मुलीचा बाप संतापून डॉक्टराकडे दाखला मागतो, तेव्हा डॉक्टर तो देण्याचे नाकारतो. रोग्याचे गुपित फोडण्याचा आपणास अधिकार नाही, असे त्याचे म्हणणे. नाटक म्हणून ही कृती पुष्कळशी व्याख्यानासारखी आहे. पण तिने उभा केलेला प्रश्न जिवंत आहे. नाव झाकावे हे खरे. पण पत्नीपासूनही झाकावे काय?

या प्रश्नास उत्तर देण्यापूर्वी आपल्या शेजारच्या गोव्यातील एक प्रसंग आठवावा लागतो. १९८६ साली भारतात एचआयव्हीची बाधा प्रथम आढळली, आणि शंभर वर्षांपूर्वीचे सारे भय पुन्हा जागे झाले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्याच्या कायद्यात बाधित माणसास अलग कोंडून ठेवण्याची तरतूद करण्यात आली. १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणास, रक्तदानाच्या वेळी बाधा आढळली म्हणून, पोलिसांकरवी बोलावून म्हापशास ६४ दिवस एकांतात ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो सुटला, पण न्यायालयाने कायदा रद्द केला नाही. ज्याने परोपकारबुद्धीने रक्त दिले, त्याचेच नाव गावभर झाले. १८६८ च्या कायद्याने जी चूक नोंदवहीत केली, तीच येथे कुलपाने केली. डिसोझा यांनी पुढे बाधितांसाठी संस्था काढली आणि १९९२ साली त्यांचा मृत्यू झाला.

त्याच १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि हळूहळू शासनाची बुद्धी पालटली. २०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्सविषयक कायदा केला व तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. संमतीवाचून तपासणी नाही, संमतीवाचून नावाचा उच्चार नाही, आणि बाधेच्या कारणाने नोकरीत वा उपचारात भेदभाव नाही, ही त्याची मुख्य कलमे होत. ब्रिओच्या डॉक्टरापुढील पेचही या कायद्याने सोडविला आहे. रोग्याने जोडीदारास स्वतः सांगावे म्हणून त्यास समुपदेश करावा. तो सांगणार नाही अशी खात्री झाली व जोडीदारास खरा धोका असला, तर रोग्यास पूर्वसूचना देऊन डॉक्टराने सांगावे. मात्र रोगी स्त्री असून सांगण्याने तिला मारहाण वा त्याग सोसावा लागेल अशी भीती असेल, तेथे सांगू नये. कर्व्यांच्या युक्तिवादात ज्या न्यायाची उणीव आम्ही वर दाखविली, ती येथे भरून निघालेली दिसते. नाव जगापासून झाकलेले, परंतु ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्यास उघड, हा विवेक कायद्याच्या रूक्ष भाषेत उतरलेला पाहून कोणासही समाधान वाटेल.

परंतु कायदा दिल्लीस होतो आणि रोग गावात असतो. आमच्या परभणी जिल्ह्याचेच पाहा. येथील जिल्हा रुग्णालयात, तसेच राज्यभर अशा रुग्णालयांतून, एचआयव्हीची तपासणी व समुपदेश मोफत मिळतो. लैंगिक संसर्गांसाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ नावाचे दवाखाने योजिले आहेत. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता प्रश्न विचारता येतो, म्हणजे कर्व्यांचे प्रश्नोत्तरांचे पानच जणू दूरध्वनीवर आले आहे. वर जो अहवाल जातो तो रोग्यांच्या संख्येचा, नावांचा नव्हे. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून औषध देता यावे म्हणून कार्यक्रमाने सात रंगांच्या औषधपेट्या ठरविल्या: करडी, हिरवी, पांढरी, निळी, लाल, पिवळी व काळी. जोडीदारासही औषध द्यावयाचे, हा त्यातील महत्त्वाचा नियम. योजना शहाणपणाची आहे. तिची उणीव एवढीच की, परमा व त्यासारखे संसर्ग स्त्रियांत पुष्कळदा लक्षणांवाचून राहतात. जिला काही जाणवतच नाही, ती कोणत्याच रंगाच्या पेटीपर्यंत पोहोचत नाही. म्हणूनच प्रत्येक गर्भवतीची उपदंशासाठी व एचआयव्हीसाठी तपासणी होणे अगत्याचे आहे. उपदंश वेळीच कळला तर पेनिसिलिनच्या साध्या उपचाराने पोटातील मूल वाचते. न कळला तर गर्भपात, मृत जन्म वा जन्मतः रोगी मूल, हे फळ पुष्कळदा पदरी येते.

या जिल्ह्यातील गंगाखेड, पालम, सोनपेठ या बाजूंची कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात आणि पाच-सहा महिने कोपीत राहतात. त्यांची औषधाची वही येथे आणि शरीर तेथे, अशी स्थिती होते. जोडीदाराचा उपचार अर्धवट राहतो. जे येथेच राहतात त्यांच्यापैकी पुष्कळांची पहिली धाव औषधाच्या दुकानाकडे किंवा लॉजवर उतरणाऱ्या ‘हमखास इलाज’वाल्याकडे असते. दोन दिवस गोळ्या घेतल्या, आग थांबली, की रोग गेला असे समजावयाचे. अशा अर्धवट व मनमानी औषधांचे फळ जगभर दिसत आहे: परम्याच्या जंतूने प्रथम सल्फा, मग पेनिसिलिन, मग सिप्रोफ्लॉक्सॅसिन या औषधांस दाद देणे सोडले. बऱ्या होणाऱ्या लैंगिक संसर्गांची जगात दररोज दहा लाखांहून अधिक नवी भर पडते, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

येथे साहित्याच्या अभ्यासकास बोलण्याचा हक्क पोहोचतो असे आम्हांस वाटते, कारण अडसर पुष्कळसा भाषेचा आहे. सरकारी पत्रके ‘लैंगिक संक्रमित आजार’, ‘जननमार्गाचा संसर्ग’, ‘जोखमीचे वर्तन’ असे शब्द वापरतात. हे शब्द मराठी लिपीत आहेत, पण मराठीत नाहीत; ते इंग्रजी अहवालातून उतरून थेट भिंतीवर चिकटले आहेत. गावातील बाई ‘अंगावर पांढरे जाते’ म्हणते. पुरुष ‘लघवीला आग होते’, ‘जांघेत अवधाण आले’, ‘गरमी झाली’ असे म्हणतो. निजामी राजवटीतील उर्दूमुळे ‘आतशक’ व ‘सुजाक’ हे शब्दही मराठवाड्यास परके नव्हते. ज्या पत्रकात हे शब्द नाहीत, ते वाचून आपल्याविषयी काही लिहिले आहे हे त्या बाईस कळावे कसे? भोंदूच्या जाहिरातीत मात्र हे सारे शब्द असतात. म्हणून गिऱ्हाईक तिकडे जाते. कर्व्यांनी शास्त्र सांगितले, पण ते मराठीत सांगितले. पत्रके लिहिणाऱ्यांनी त्यांचे मतभेदाचे लेख बाजूस ठेवले तरी चालेल. पण त्यांची वाक्ये अवश्य अभ्यासावीत.

सुशिक्षित कुटुंबांचा एक आक्षेप शिल्लक राहतो. हे रोग आपल्या घरचे नव्हेत, मग त्यांची चर्चा मुलांच्या कानी कशाला, असे ते विचारतात. आमचे उत्तर असे की, मुलांच्या कानी ती चर्चा पडतेच. प्रश्न इतकाच की ती आईबापांकडून पडते की भिंतीवरील जाहिरातीवरून. लग्न ठरविताना आपण पत्रिका पाहतो, गोत्र पाहतो, पगार पाहतो. उभयतांच्या संमतीने व उभयतांपुरती रक्ताची तपासणी करून घ्यावी, असे म्हणण्यास मात्र जीभ अडखळते. तशी सक्ती कायद्याने करावी असे आम्ही म्हणत नाही. सक्तीचा इतिहास वर दिलाच आहे. परंतु जी मुलगी आपण समारंभाने दुसऱ्या घरी पाठवितो, तिला स्वतःच्या शरीराविषयी विचारण्याचा हक्क आहे व विचारताना लाजावयाचे कारण नाही, एवढे शिकवून पाठविण्यास कोणता कायदा हवा?

कर्व्यांची सारी मते स्वीकारण्याची सक्ती कोणावरही नाही. त्यांतील काही आम्हांसही मान्य नाहीत. पण या रोगांविरुद्धची लढाई जेथे जेथे जिंकली जाते, तेथे ती त्यांच्याच रीतीने जिंकली जाते: ज्ञान सर्वांस, औषध गरजवंतास, आणि नाव कोणासही नाही. ही रीत दवाखान्याने स्वीकारली आहे, कायद्यानेही स्वीकारली आहे. घराने ती अद्याप स्वीकारावयाची आहे, आणि तोवर ‘गुप्तरोग’ या शब्दातील ‘गुप्त’ हा भागच अधिक घातक राहणार.